१८९९ साली न पडलेले तारे

१८९९च्या नोव्हेंबरात युरोप-अमेरिकेतली बरीच माणसं मध्यरात्र उलटल्यावर अंथरुणातून उठून घराबाहेर आली. वर्तमानपत्रांनी आधीपासून सांगून ठेवलं होतं, की यंदा उल्कांचा असा पाऊस पडेल जो माणसाला आयुष्यात फार तर दोनदा बघायला मिळतो. हे भाकीत कुंडली मांडणाऱ्यांचं नव्हतं. ते खगोलशास्त्रज्ञांचं होतं. त्यामागे हजारेक वर्षांच्या नोंदी होत्या, ग्रहांचं गणित होतं, आणि ३३ वर्षांपूर्वी हेच भाकीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खरं ठरलेलं होतं.

पाऊस पडला नाही. अधूनमधून एखादी उल्का सरकन गेली, तेवढंच. उजाडल्यावर लोक घरात गेले. चार्ल्स ऑलिव्हियर या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९२५ साली उल्कांवर पुस्तक लिहिलं, त्यात या प्रसंगाबद्दल त्याने म्हटलं की लोकांच्या नजरेत खगोलशास्त्राला एवढा मोठा फटका कधीच बसला नव्हता.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एखादी गोष्ट दोनदा नीट चालली की तिसऱ्यांदाही चालेलच, असं धरून बसण्याचा मोह आमच्या धंद्यात रोजचा आहे. म्हणून मला १८९९ची ही फसगत सगळ्या यशोगाथांपेक्षा जास्त वाचावीशी वाटते. ती घडली कशी आणि निस्तरायला शंभर वर्षं का लागली, ते बघू या. कारण तुमच्या फोनवर येणारी ‘आज रात्री उल्कावर्षाव’ ही नोटिफिकेशन त्याच शंभर वर्षांतून आली आहे.

ज्या रात्री सगळं सुरू झालं

१२ आणि १३ नोव्हेंबर १८३३च्या मधली रात्र. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात पहाटेच्या आधी लोक जागे झाले, काही शेजाऱ्यांच्या ओरडण्याने, तर काही खिडकीतून आलेल्या उजेडाने. बाहेर पाहिलं तर आकाशातून हजारो रेघा एकाच वेळी खाली येत होत्या. बॉस्टनमधल्या एका निरीक्षकाने त्यांची तुलना भुरभुरणाऱ्या बर्फाशी केली. मोजणं अशक्यच होतं. नंतरचे अंदाज तासाला ५० हजारांपासून दीड लाखापर्यंत जातात. अनेकांना वाटलं, जगबुडी आली. लोक गुडघे टेकून प्रार्थना करू लागले.

त्या रात्री मेरीलँडमध्ये पंधरा-सोळा वर्षांचा एक गुलाम मुलगा जागा होता. पुढे तो फ्रेडरिक डग्लस म्हणून जगाला ठाऊक झाला. गुलामांना स्वतःची जन्मतारीख माहीत नसे, कारण ती कुणी त्यांना सांगतच नसे. आपण मालकाच्या गावी कोणत्या साली गेलो हे डग्लसने आत्मचरित्रात लिहिलं आहे, आणि ते साल त्याने ओळखलं आहे दोन खुणांवरून: आदल्या वर्षीचा बाल्टिमोरचा कॉलरा, आणि तारे पडले ती रात्र. तिकडे लकोटा लोक कातड्यावर किंवा कापडावर दर वर्षाचं एक चित्र काढून वर्षांचा हिशोब ठेवत. त्यांच्या अशा अनेक चित्रमालिकांत १८३३-३४च्या हिवाळ्यासाठी पडणारे तारे काढलेले आहेत. नंतरच्या अभ्यासकांनी ही एक खूण धरून त्या मालिकांमधली बाकीची वर्षं जुळवली.

आपल्याला हे नवं नाही. आपल्याकडेही ‘प्लेगच्या साली जन्मली’, ‘पानशेत फुटलं तेव्हा रांगत होता’, ‘बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं’ असंच सांगतात. कागद नसतो तिथे आपत्ती कॅलेंडरचं काम करते. अमेरिकेत ते काम एका पहाटेने केलं.

येल कॉलेजातला प्राध्यापक डेनिसन ओल्मस्टेड त्या पहाटे जागा होता. त्याने जे केलं ते आज फार ओळखीचं वाटेल. त्याने न्यू हेवनच्या वर्तमानपत्रात आवाहन दिलं: तुम्ही काय पाहिलं, किती वाजता, कोणत्या दिशेला, ते लिहून कळवा. इतर वर्तमानपत्रांनी ते पुन्हा छापलं आणि ठिकठिकाणांहून पत्रं येऊ लागली. सर्वसामान्य लोकांकडून डेटा गोळा करून विज्ञान करण्याच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांत याची गणना होते.

ती पत्रं जुळवल्यावर एक गोष्ट दिसली. सगळ्या रेघा उलट्या दिशेने मागे नेल्या तर त्या एकाच जागी मिळतात. ती जागा सिंह राशीत, आपण जिला मघा म्हणतो त्या ताऱ्याच्या वरच्या विळ्यासारख्या आकारात होती. रेल्वेचे समांतर रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे भासतात, तसंच हे. आणि रात्रभरात मघा जशी वर सरकली तशी ती जागाही तिच्यासोबत सरकली. उल्का हवेतच तयार होत असत्या, विजेसारख्या, तर ती जागा पृथ्वीसोबत फिरली असती. ती ताऱ्यांसोबत फिरली. म्हणजे हा माल बाहेरून येत होता.

पहाटच का

बाहेरून येतो म्हटल्यावर पहाटेचंही कोडं सुटतं. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. तिची पुढची बाजू म्हणजे जिथे पहाट होत असते ती बाजू. पावसात गाडी चालवताना थेंब पुढच्या काचेवर जास्त आपटतात आणि मागच्या काचेवर कमी, तसंच. संध्याकाळी आपण मागच्या काचेजवळ असतो. मध्यरात्रीनंतर पृथ्वीच्या फिरण्याने आपण हळूहळू पुढच्या काचेकडे येतो.

सिंह राशीच्या उल्कांच्या बाबतीत हे आणखी टोकाचं आहे, कारण त्यांचा मूळ धूमकेतू पृथ्वीच्या उलट दिशेने सूर्याभोवती फिरतो. टक्कर जवळजवळ समोरासमोर होते. वाळूच्या दाण्याएवढे हे कण सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने हवेत शिरतात आणि साधारण शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातात. त्यात नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्याकडे मघा उगवतेच मध्यरात्रीनंतर.

३३ हा आकडा

१८३३नंतर लोकांना जुन्या आठवणी हव्याशा झाल्या. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट आणि त्याचा सोबती एमे बाँप्लाँ यांनी १२ नोव्हेंबर १७९९च्या पहाटे आजच्या व्हेनेझुएलातल्या कुमाना गावात असाच वर्षाव पाहिला होता. हम्बोल्टने गावातल्या लोकांकडे चौकशी केली, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं की १७६६ सालीही असं झालं होतं. १७६६, १७९९, १८३३. वजाबाकी कुणालाही करता येईल.

येलमधल्याच ह्यूबर्ट न्यूटनने (आयझॅकशी याचा संबंध नाही) १८६०च्या दशकात जुन्या बखरी पालथ्या घातल्या. अरबी, चिनी, युरोपीय. ९०२ साली उत्तर आफ्रिकेचा अमीर इब्राहिम दुसरा वारला, त्याच सुमारास आकाशातून तारे विखुरल्याची नोंद सापडली. मग १२०२, १३६६, १५३३, १६९८. ज्यांनी या नोंदी केल्या त्यांच्यापैकी कुणालाही आपण एखाद्या मालिकेतला एक आकडा लिहितोय याची कल्पना नव्हती. त्यांनी फक्त जे दिसलं ते तारखेसह लिहून ठेवलं. न्यूटनने भाकीत केलं: पुढचा वर्षाव १८६६, नोव्हेंबर १३-१४.

तो आला. युरोपातून हजारो उल्का दिसल्या.

पाठोपाठ बाकीचे तुकडेही जागेवर बसले. विल्हेल्म टेम्पल याने १९ डिसेंबर १८६५ला मार्सेयमधून एक धूमकेतू शोधला होता, तोच काही दिवसांनी अमेरिकेत होरेस टटल याने स्वतंत्रपणे पाहिला. त्याची फेरी निघाली ३३ वर्षांच्या आसपास. नेपच्यूनच्या शोधासाठी प्रसिद्ध असलेल्या दोघा गणितज्ञांनी, ले व्हेरिये आणि जॉन काउच ॲडम्स यांनी, उल्कांच्या कक्षेचं गणित केलं. गुरू, शनी आणि युरेनस यांच्या ओढीचा हिशोब करून ॲडम्सने १८६७ साली दाखवलं की सव्वातेहतीस वर्षांची कक्षाच नोंदींशी जुळते. धूमकेतूची कक्षा आणि उल्कांची कक्षा एकच निघाली. धूमकेतू धूळ सोडत जातो, पृथ्वी दर वर्षी त्याच तारखांना त्या वाटेवरून जाते, म्हणून दर नोव्हेंबरात थोड्या उल्का दिसतात. आणि दर ३३ वर्षांनी धूमकेतू स्वतः जवळपास असतो, म्हणून तेव्हा वादळ.

सुबक सिद्धान्त होता. मागची हजार वर्षं त्याच्या बाजूने होती आणि एक भाकीत खरं ठरलं होतं. १८६६मध्ये ३३ मिळवले की १८९९.

फसलं कुठे

एसटी स्टँडवरच्या फळ्यावर गाडीची वेळ लिहिलेली असते, पण घाटात दरड कोसळली आहे का हे फळ्याला माहीत नसतं. ३३ वर्षांचा आकडा हा असा फळा होता. तो अनेक फेऱ्यांचा सरासरी निकाल सांगत होता. या विशिष्ट फेरीत काय घडलं, ते त्याला ठाऊक नव्हतं.

घडलं बरंच काही होतं. १८६६ ते १८९९ या काळात धुळीचा तो पट्टा शनीजवळून गेला आणि मग गुरूजवळून. दोन आयरिश शास्त्रज्ञ, जॉन्स्टन स्टोनी आणि आर्थर डाउनिंग, यांनी त्या ओढीचा हिशोब मांडला. कक्षा सरकली होती, आणि सरकली होती ती लाखो किलोमीटरने. यंदा पट्टा पृथ्वीला चुकवून जाऊ शकतो, असा इशारा त्यांनी वादळाच्या आधी दिला होता. पण ‘तारे पडणार’ ही बातमी जगभर गेली होती आणि ‘कदाचित नाही पडणार’ ही बातमी तिच्या मागे धावत कधीच पोहोचत नसते. आपल्या फोनवरच्या फॉरवर्डचं आणि त्याच्या खुलाशाचं जे होतं, तेच.

म्हणजे १८९९ साली योग्य उत्तर उपलब्ध होतं. लोकांपर्यंत पोहोचलेलं उत्तर दुसरं होतं. खगोलशास्त्राची अब्रू त्या फरकात गेली.

पुढच्या खेपेला, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, उल्का वाढल्या पण वादळ आलं नाही. धूमकेतूही १८९९ आणि १९३२ या दोन्ही फेऱ्यांत कुणाला सापडला नाही. गुरूने हा प्रवाह कायमचा दूर लोटला, असं अनेकांना वाटू लागलं.

मग १७ नोव्हेंबर १९६६ उजाडायच्या आधी अमेरिकेच्या पश्चिम भागात आकाश पुन्हा फाटलं. ॲरिझोनातल्या निरीक्षकांनी काही मिनिटांपुरता सेकंदाला ४० उल्का असा अंदाज नोंदवला. तो आकडा नंतर वादात सापडला, पण वादळ होतं याबद्दल वाद नाही. भाकीत केलं तेव्हा आलं नाही, आशा सोडली तेव्हा आलं.

एक पट्टा नव्हे, अनेक रेघा

क्रिकेटच्या मैदानावर दर वर्षी फक्कीने सीमारेषा आखतात. नवी रेघ जुन्या रेघेवर तंतोतंत बसत नाही, थोडी शेजारी पडते. काही वर्षांनी जवळून पाहिलं तर तिथे एक जाड रेघ नसते, अनेक बारीक रेघांचा जुडगा असतो.

टेम्पल-टटल धूमकेतूचंही तसंच आहे. तो सूर्याजवळ आला की तापतो आणि धूळ सुटते. त्या फेरीची धूळ कक्षेच्या बाजूने पसरत जाते आणि तिची एक लांबलचक बारीक रेघ तयार होते. पुढच्या फेरीची रेघ वेगळी. प्रत्येक रेघेवर ग्रहांची ओढ वेगळी पडते, त्यामुळे प्रत्येकीची वाट वेगळी. आणि रेघा खरंच बारीक असतात. पृथ्वी तासाला सुमारे १ लाख ८ हजार किलोमीटर जाते आणि वादळाचा ऐन भर तासाभरात ओसरतो. म्हणजे रेघेचा दाट भाग लाखभर किलोमीटरचा. अवकाशाच्या हिशोबात हा दोरा आहे. ‘धूमकेतू जवळपास आहे’ एवढ्या माहितीवर दोरा सापडत नाही. कोणत्या सालची रेघ, ती आज कुठे आहे, आणि पृथ्वी तिला छेदते की शेजारून जाते, हे प्रत्येक रेघेसाठी वेगळं काढावं लागतं.

हे काम सोव्हिएत संघातल्या कोंद्रातिएवा आणि रेझनिकोव या दोघांनी १९८५ साली करून ठेवलं होतं. रशियन भाषेतल्या त्या निबंधाकडे बाहेर फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

१९९८ साली जुनीच पद्धत वापरात होती. पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेची पातळी ज्या क्षणी ओलांडते तो क्षण धरायचा. त्या हिशोबाने वेळ निघाली आपल्याकडची १८ नोव्हेंबरची रात्री सव्वाची, आणि सगळ्यात चांगली जागा आशिया. त्या वर्षी आपल्याकडेही लोक जागले, घरात चाळिशीच्या पुढचं कुणी असेल तर विचारून बघा. प्रत्यक्षात मोठमोठ्या, डोळे दिपवणाऱ्या अग्निगोलांचा भर सुमारे १६ तास आधीच, १७च्या पहाटेपासून सकाळपर्यंत होऊन गेला होता. नंतर डेव्हिड ॲशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती धूळ १३३३ साली सुटलेली होती आणि गुरूच्या ठरावीक तालावरच्या ओढीने शतकानुशतकं एकत्र धरून ठेवलेली होती.

एप्रिल १९९९मध्ये ऑस्ट्रेलियातला रॉबर्ट मॅकनॉट आणि उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेतला ॲशर यांनी रेघांचं गणित प्रसिद्ध केलं. त्यांनी संगणकावर प्रत्येक फेरीतली धूळ सोडून ती वर्षानुवर्षं पुढे नेली, गुरूच्या आणि इतर ग्रहांच्या ओढीसकट. १८३३, १८६६, १९६६ ही वादळं त्यांच्या गणितात आपोआप जागेवर आली. पुढचं भाकीत: १८ नोव्हेंबर १९९९, जागतिक वेळेनुसार रात्री २ वाजून ८ मिनिटं.

वादळाचा भर आला २ वाजून २ मिनिटांच्या आसपास. सहा मिनिटांचा फरक. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि ऊन पडलं होतं. मध्यपूर्वेतून आणि युरोपातून लोकांनी ते पाहिलं.

आणि ती धूळ कोणत्या सालची होती? १८९९ची.

लोक ज्या वर्षी थंडीत उभे राहून रिकाम्या हाताने परतले, त्याच वर्षी धूमकेतू कुणालाही न दिसता सूर्याजवळून गेला होता आणि जाता जाता एक रेघ सोडून गेला होता. १९६६चं वादळ त्याच रेघेचं. १९९९चंही त्याच रेघेचं. १८९९च्या भाकितात साल तेवढं बरोबर होतं. माल येऊन पडला होता, पोहोचायला ६७ आणि १०० वर्षं लागणार होती.

आता तुमच्या फोनवर

हे गणित आज गंमत राहिलेलं नाही. वर हजारो उपग्रह आहेत. १९९३च्या ऑगस्टमध्ये, दुसऱ्या एका उल्कावर्षावाच्या ऐन भरात, युरोपच्या ऑलिंपस या दळणवळण उपग्रहाचं नियंत्रण सुटलं आणि तो कामातून गेला. एखाद्या उल्काकणाचा आघात हे त्यामागचं संभाव्य कारण मानलं जातं. म्हणून १९९८-९९च्या नोव्हेंबरात हबल दुर्बिणीने सिंह राशीकडे पाठ फिरवून घेतली होती.

पण लोकांपर्यंत पोहोचणारी बातमी अजून १८९९सारखीच आहे. ‘आज रात्री ताशी १०० उल्का!’ हा आकडा आदर्श परिस्थितीचा असतो: वर्षावाचं केंद्र बरोबर डोक्यावर, आकाश पूर्ण काळं, चंद्र नाही, क्षितिजापर्यंत अडथळा नाही. पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवरून त्यातल्या पाच दिसल्या तरी पुष्कळ. सिंह राशीच्या वर्षावाचा तर सर्वसाधारण वर्षातला आदर्श आकडाच १० ते १५ आहे. डिसेंबरच्या १४ तारखेच्या सुमाराचा मिथुन राशीतला वर्षाव खूप दाट असतो, आणि ऑगस्टमधल्या प्रसिद्ध वर्षावाच्या वेळी आपल्याकडे पावसाळा असतो, हे कुठलीच नोटिफिकेशन सांगत नाही. त्यामुळे गच्चीवर गेलेला मुलगा अर्ध्या तासाने खाली येतो आणि ‘काही नसतं तिथे’ असं सगळ्यांना सांगतो. १८९९ पुन्हा एकदा, लहान आकारात.

म्हणून नोव्हेंबरच्या १७-१८ला किंवा डिसेंबरच्या १३-१४ला जायचंच असेल, तर आधी चंद्र बघा. शहराच्या दिव्यांपासून दूर जा. विदर्भात असाल तर पेंच जवळ आहे. तिथला व्याघ्रप्रकल्प २०२४ साली भारतातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. सतरंजी टाकून आडवे व्हा आणि अर्धा तास फोन खिशात ठेवा, डोळ्यांना अंधार समजायला तेवढा वेळ लागतो. दोन ते साडेपाच ही वेळ चांगली.

आणि मोजा. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिलं, किती दिसल्या, सगळ्यात अंधूक तारा कोणता दिसत होता, ढग किती होते. शून्य दिसल्या तर शून्य लिहा. १९८८ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना जगभरातल्या हौशी लोकांच्या अशाच नोंदी गोळा करते. १९९९चा भर २ वाजून २ मिनिटांनी आला हे कळलं ते जमिनीवर पडून मोजणाऱ्या माणसांमुळे. संगणकाने भाकीत केलं, बरोबर आलं की नाही ते या लोकांनी सांगितलं. ओल्मस्टेडला पत्रं पाठवणारे, कुमानाच्या म्हाताऱ्या, कातड्यावर तारे रंगवणारे, सगळे याच कामाला होते.

टेम्पल-टटल २०३१ साली पुन्हा सूर्याजवळ येतोय. त्यानंतरच्या काही वर्षांत उल्का वाढतील, पण आजची गणितं १९९९सारख्या वादळाचं आश्वासन देत नाहीत. तेव्हा बातम्या येतील: दर ३३ वर्षांनी येणारं वादळ, आयुष्यात एकदाच. ती बातमी तुमच्या ग्रुपवर आली की कोणत्या सालची रेघ, एवढं एकच विचारा. उत्तर काहीही येवो, पहाटे बाहेर नक्की जा.